वेव्हरदादा

विमानतळावर न्यायला आलेला माणूस साधारणपणे 'प्रवास कसा झाला, काही खाल्लंस का' असं विचारतो. वेव्हरदादा दोन्ही बॅगा डिकीत ढकलता ढकलता विचारतो, "पॉलिसी कुठली घेतलीस?" समोरचा पोरगा मुंबई सोडल्यापासून झोपलेला नसतो. पासपोर्ट कुठल्या खिशात ठेवला तेही त्याला आठवत नसतं. तो आईनं घोकून घेतलेलं तेवढं सांगतो, "पाच लाख डॉलरची आहे, काका." वेव्हरदादाला काका म्हटलेलं आवडत नाही. पाच लाख डॉलर तर त्याहून आवडत नाहीत. तो डिकी आपटून बंद करतो आणि म्हणतो, "टिकणार नाही."

अमेरिकेत विद्यापीठाच्या प्रत्येक मोठ्या गावात असा एक वेव्हरदादा असतो. टेम्पीत असतो, बफेलोत असतो, कॉलेज स्टेशनला म्हणे दोन आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. आमच्या गावचा पाषाणच्या प्रयोगशाळेतून पीएचडी करून जे-वन व्हिसावर संशोधक म्हणून आला. वय पस्तिशीच्या आसपास, केस कपाळाकडून माघार घेत चाललेले, पाठीवर सॅक, आणि सॅकच्या मागच्या कप्प्यात 'समरी ऑफ बेनिफिट्स'ची प्रिंट, पिवळ्या मार्करनं रंगवून रंगवून पांढरं काही न उरलेली. दिवसा तो जमिनीतल्या जिवाणूंवर काम करतो. जिवाणूंबद्दल विचारलं तर दोन वाक्यांत आटपतो. विम्याबद्दल विचारावं लागत नाही.

नाव कसं पडलं ते सांगायला हवं. विद्यापीठ प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याच्या फीच्या बिलात आपल्या आरोग्यविम्याचा हप्ता आपण होऊन घालून टाकतं. कुठे वर्षाला दोन हजार डॉलर, कुठे चार हजार. ज्याच्याकडे तोडीस तोड दुसरा विमा असेल त्यानं ठरलेल्या तारखेच्या आत अर्ज करून हा हप्ता माफ करून घ्यायचा. तो अर्ज म्हणजे वेव्हर. काही विद्यापीठं ही सवलत परदेशी पोरांना मुळीच देत नाहीत. तिथल्या वेव्हरदादाला नुसतं हळहळण्यावर दिवस काढावे लागतात. आमच्याकडे अर्ज करता येतो, म्हणून आमच्या दादाचा ऑगस्ट-सप्टेंबर भरगच्च जातो. गणपती याच दिवसांत येतात. आरतीला सगळे डोळे मिटून उभे असताना कोपऱ्यातून 'डिडक्टिबल' असा एक शब्द हलकेच ऐकू येतो.

मेख आहे ती 'तोडीस तोड'मध्ये. पुण्यातल्या एजंटनं गळ्यात मारलेल्या पॉलिसीत पाच लाख डॉलर असतात, हरवलेल्या बॅगेची भरपाई असते, चुकलेल्या विमानाची असते. विद्यापीठाच्या यादीत जे असतं ते मात्र नसतं. यादीत मानसोपचार असतात, आधीपासूनचे आजार असतात, बाळंतपण असतं. बाळंतपण वाचून अकोल्याचा मेकॅनिकलवाला पोरगा दचकतो.

"दादा, मला मॅटर्निटी कशाला?"

"तुला नाही रे. यादीला लागते."

मग रात्री भारतातून पोराच्या वडिलांचा दादाला फोन येतो. या वडिलांचा विम्याशी संबंध एलआयसीपुरता. एलआयसीचा जन्म १९५६ चा, यांचा त्यानंतरचा. तिच्याशिवायचं जग त्यांनी पाहिलेलंच नाही. त्यांच्या लेखी विमा म्हणजे शेजारच्या कुलकर्ण्यांच्या आग्रहाखातर घ्यायची आणि वीस वर्षांनी बोनससकट परत मिळणारी वस्तू.

"एवढे तीन हजार डॉलर भरायचे, तर मॅच्युरिटीला किती मिळतात?"

"मॅच्युरिटी नसते, काका. वर्ष संपलं की संपलं."

"आणि तो वर्षभर आजारीच पडला नाही तर?"

"तर चांगलंच झालं की."

"चांगलं काय? पैसे गेले ना!"

"म्हणजे तो आजारी पडावा असं वाटतंय का तुम्हाला?"

पलीकडे बराच वेळ शांतता असते. वडील हिशेब करत असावेत.

एफ-वनवरच्या विद्यार्थ्याच्या विम्याचं काय ते विद्यापीठ बघतं. जे-वनवरच्या संशोधकाचे आकडे मात्र थेट अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या नियमांत बसलेले आहेत, आणि तो नियम हा वेव्हरदादाचा विशेष जिव्हाळ्याचा विषय. एका आजाराला किंवा अपघाताला किमान १,००,००० डॉलरचं संरक्षण. डिडक्टिबल, म्हणजे आधी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम, ५०० च्या वर नाही. उपचारासाठी मायदेशी हलवायचं झालं तर ५०,०००. मृतदेह पाठवायचा झाला तर २५,०००. मुद्दाम विमा न घेता राहिलात तर विद्यापीठानं तुमचा कार्यक्रम तिथल्या तिथे संपवायचा, आणि जे-टूवर बरोबर आलेल्या नवऱ्याला किंवा बायकोलाही हेच लागू. हे सगळं तो पाठ म्हणतो, आणि म्हणायला त्याला नेमकी जेवणाची पंगत सापडते. एका पाडव्याला, नुकत्याच उतरलेल्या एका संशोधिकेच्या ताटात श्रीखंड पडत असताना त्यानं समजावलं, "म्हणजे बघ, अर्धमेली असशील तर पन्नास हजार. पूर्ण मेलीस की निम्मे." ती चमचा हातात धरून बसली. तिला धीर यावा म्हणून तो पुढे म्हणाला, "हे तरी बरंय. २०१५ पर्यंत मेलेल्याला साडेसात हजारच होते."

"आणि जिवंत जायचं असेल तर?"

"तिकीट स्वतःचं."

त्याची शिकवण्याची पद्धत मात्र चांगली आहे हे कबूल करायला हवं. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाच्या दीड तासाच्या व्याख्यानात मान हलवून बाहेर आलेली पोरं त्याच्याकडे येतात आणि दहा मिनिटांत शहाणी होऊन जातात. नेटवर्क म्हणजे काय ते तो सोयरिकीनं सांगतो. "इन-नेटवर्क डॉक्टर म्हणजे आपल्यातला. घरच्यांची मंजुरी आहे, खर्चाला हात लावतील, ऐंशी टक्के ते, वीस टक्के तू. आउट-ऑफ-नेटवर्क म्हणजे बाहेरचा. कितीही चांगला असो, घरचे म्हणणार, केलंस ना मनानं, आता निस्तर. आणि कधी कधी काय होतं, मांडव आपल्यातला, वऱ्हाड आपल्यातलं, आणि भटजी निघतो बाहेरचा!" भटजी म्हणजे भूल देणारा डॉक्टर. हॉस्पिटल नेटवर्कमधलं निवडावं, सर्जन नेटवर्कमधला निवडावा, आणि शुद्ध हरपल्यानंतर जो येऊन नाकावर मास्क ठेवून गेला त्याचं वेगळं बिल महिन्याभरानं घरी यावं, ही त्याची हातखंडा गोष्ट होती. ती सांगताना तो अनेस्थेटिस्टचं पात्र स्वतः करायचा.

पुढे कायदा आला. अशी अनपेक्षित बिलं रोखणारा 'नो सर्प्रायझेस ॲक्ट' १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला आणि भटजीच्या गोष्टीतली हवा गेली. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. वेव्हरदादा काही दिवस गप्प गप्प असे. मग त्यानं तो कायदा मुळातून वाचून काढला आणि एका शनिवारी उजळ चेहऱ्यानं आला. हवेतून नेणारी अँब्युलन्स कायद्यात होती, रस्त्यावरून नेणारी सुटली होती. "हेलिकॉप्टरनं गेलास तर वाचलास," तो म्हणाला, "रस्त्यानं गेलास तर मेलास. बिलानं म्हणतोय मी."

तेव्हापासून त्याची जुनी कोरोला हीच आमच्या गावची मराठी अँब्युलन्स. कुणी पार्किंग लॉटमधल्या क्रिकेटमध्ये टेनिस बॉल डोळ्यावर घेवो, कुणी जानेवारीच्या काळ्या बर्फावर पाठीवर पडो, पहिला फोन दादाला. पहिला प्रश्नही ठरलेला: "नुसतं दुखतंय, की क्लेम करण्याइतकं दुखतंय?" मग तो पायऱ्या लावतो. सगळ्यात खाली आईनं दिलेली औषधांची पिशवी. क्रोसिन आणि इथलं टायलेनॉल एकच, तेव्हा आधी ती संपव. त्यावर विद्यापीठाचं हेल्थ सेंटर, तिथे फीतच बहुतेक काम होतं. त्यावर अर्जंट केअर, तिथे कोपे, म्हणजे दर भेटीची ठरलेली रक्कम, भरायचा आणि मासिकं चाळत बसायचं. आणि शेवटी इमर्जन्सी. इमर्जन्सीबद्दल तो आदरानं बोलतो. "१९८६ चा कायदा आहे. पैसे आहेत की नाहीत हे न बघता त्यांना तपासावंच लागतं. नंतर बिल पाठवू नका असं मात्र कायद्यात कुठे म्हटलेलं नाही."

आता या माणसाची चेष्टा करणं सोपं आहे, आणि ती आम्ही पोटभर केलेली आहे. पण नागपूरच्या त्या पोराचं पोट दुखायला लागलं त्या रात्रीचं सांगतो. साडेअकराला फोन आला. दादानं नेहमीप्रमाणे सुरुवात केली, औषधांच्या पिशवीपाशी. पोरगा म्हणाला, "दादा, दुपारी बेंबीपाशी होतं, आता उजवीकडे खाली सरकलंय." दादानं मधल्या सगळ्या पायऱ्या गाळल्या आणि पायजम्यावरच जाकीट चढवून निघाला. हॉस्पिटलच्या खिडकीपाशी त्यानं त्या पोराचा मेंबर नंबर, ग्रुप नंबर आणि विमा कंपनीचा पोस्टाचा पत्ता तोंडपाठ सांगितला. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, पेशंटचे तुम्ही कोण? या प्रश्नाचं उत्तर पॉलिसीत कुठेच नव्हतं. तो म्हणाला, "मोठा भाऊ." बाईंनी नागपूरकराचं आडनाव पाहिलं, याचं आडनाव पाहिलं आणि पुढचा फॉर्म दिला.

अपेंडिक्स पहाटे निघालं. पोरगा आठवड्यानं पोहे खायला लागला. वेव्हरदादाचं अपेंडिक्स मात्र तिथून पुढे सुरू झालं.

प्रथम घरी पत्र आलं, वरच्या बाजूला ठळक अक्षरांत 'हे बिल नाही' असं छापलेलं. असं पत्र पाहून नवा माणूस हमखास घाबरतो, कारण खाली तीन रकाने असतात: हॉस्पिटलनं किती मागितले, कंपनीनं किती मान्य केले, तुम्ही किती देणं लागता. पहिल्या दोन आकड्यांत एवढं अंतर असतं की मंडईत घासाघीस करणाऱ्या आजीनंही तोंडावर पदर घ्यावा. मग खरं बिल आलं. त्याच्या मागून आलेलं एक पत्र पोरानं जाहिरात समजून न फोडताच टाकलं होतं. त्यात कंपनीनं एवढंच विचारलं होतं की तुमच्याकडे आणखी कुठला विमा आहे का? उत्तर गेलं नाही म्हणून क्लेम अडला, आणि मुदत उलटली म्हणून फेटाळला.

त्या दिवशीइतका खुशीत आम्ही वेव्हरदादाला कधी पाहिला नाही. अपील करायला १८० दिवस असतात. त्यानं भिंतीवरच्या महालक्ष्मी कॅलेंडरवर खुणा केल्या. अडचण एवढीच की १९९६ चा एक कायदा आहे, पेशंटच्या परवानगीशिवाय त्याच्या आजाराबद्दल कंपनी तिसऱ्याशी बोलत नाही. त्यामुळे प्रत्येक फोनला पोराला शेजारी बसवावं लागे. फोन स्पीकरवर. चाळीस चाळीस मिनिटं ती वाट बघायला लावणारी पियानोची सुरावट. पोरगा मोबाइलवर क्रिकेट बघे, दादा मान डोलवून ताल धरी. मग पलीकडे माणूस येई, पोरगा जन्मतारीख सांगून "येस, आय ऑथराइज" म्हणे, आणि त्याचं या सगळ्यातलं काम संपे. दादा पुढचा तास इतक्या गोड इंग्रजीत भांडे की स्वतःच्या प्राध्यापकाशी तो कधी तसा बोलला असता तर एव्हाना त्याची नोकरी कायम झाली असती. दर फोनचा संदर्भ क्रमांक, बोलणाऱ्याचं पहिलं नाव, वेळ, सगळं एका वहीत. उन्हाळ्यात क्लेम मंजूर झाला. पोरगा पुढे सिॲटलला नोकरीला लागला, लग्न केलं, घर घेतलं. दिवाळीला त्याचा फोन आला की दादा अजून विचारतो, "आपलं अपेंडिक्स काय म्हणतंय?" फाइल त्यानं टाकलेली नाही.

दातांचा विषय वेगळा. आरोग्यविम्याच्या लेखी प्रौढ माणसाचे दात आणि डोळे हे त्याच्या शरीराचे भाग नाहीत. त्यांचा विमा वेगळा, हप्ता वेगळा. यावर वेव्हरदादाचं धोरण पक्कं आहे: दात डिसेंबरपर्यंत दुखू नयेत. कुणी ऑक्टोबरात गाल धरून आला तर तो लवंग देतो आणि विमानाची तिकिटं दाखवतो. आमच्या गावची निम्मी मराठी वस्ती नाताळच्या सुट्टीत पुण्याला जाते ती आईवडिलांना भेटायला असं मानण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात पहिल्या आठवड्यात रूट कॅनॉल, दुसऱ्यात लक्ष्मी रोडवरून चष्म्याच्या दोन जोड्या आणि रक्ताच्या सगळ्या तपासण्या, आणि उरलेल्या दोन दिवसांत आईवडील.

त्याच्या हातून झालेलं सगळ्यात मोठं काम मात्र त्याच्या स्वतःच्या लक्षात आलेलं नाही असं माझं मत आहे. नोव्हेंबरात साडेचार-पाचला अंधार पडायला लागतो, पहिल्या सेमिस्टरच्या मिडटर्मचे मार्क येतात, आणि एखादी पोर किंवा पोरगा खोलीतून बाहेर यायचं बंद करतो. आम्ही बाकीचे त्याला जेवायला बोलावतो, व्यायाम कर म्हणतो, घरी फोन कर म्हणतो. काउन्सेलरकडे जा असं म्हणायला आमची जीभ रेटत नाही, आणि म्हटलं तर त्याला अपमान वाटतो. वेव्हरदादाला या नाजूकपणाचा गंधही नाही. तो दार वाजवून सांगतो, "काउन्सेलिंगची पहिली काही सेशन्स फुकट आहेत. फी तू आधीच भरलीयस. वसूल कर." आणि पोरं जातात! मन मोकळं करायला कुणी गेलं नसतं. भरलेले पैसे वसूल करायला मराठी मूल कुठेही जातं. फ्लूच्या लशीचंही तेच. ऑक्टोबरात 'शून्य कोपे' असा त्याचा मेसेज आला की विद्यार्थी संघाच्या सभेला न येणारी माणसं दंड उघडे टाकून रांगेत उभी असतात.

परक्या देशांबद्दल त्याला फारसं प्रेम नाही. त्याचा एक वर्गमित्र जर्मनीत आखेनला आहे. तो सांगत होता, इथे विद्यार्थ्याला तिशीपर्यंत सरकारी विम्यात ठरलेला मासिक हप्ता, दवाखान्यात कार्ड दाखवायचं, बिल घरी येत नाही. कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा कायदा बिस्मार्कनं १८८३ मध्येच केला. दादानं सगळं ऐकून घेतलं. "बिलच येत नाही?" त्यानं दोनदा विचारलं. इंग्लंडवाल्याचं तर आणखी पुळचट, व्हिसाच्या वेळीच विद्यार्थ्यानं वर्षाला ७७६ पौंड भरून टाकायचे की सरकारी दवाखाना खुला. "मग तिथे नव्या माणसांना लोक सांगतात तरी काय?" तो खऱ्या काळजीनं म्हणाला.

गेल्या वर्षी त्याचं लग्न ठरलं. तोवर त्यानं बऱ्याच मुली व्हिडिओ कॉलवर पाहिल्या होत्या आणि जे-टूच्या विम्याचे नियम ऐकून बऱ्याच मुलींनी त्याला. ही मुलगी पुण्यात विमा कंपन्यांचे क्लेम तपासणाऱ्या टीपीएत कामाला होती. काम काय करता असं त्यानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "क्वेरी काढते." त्याला पुढचं काही सुचेना. त्या रात्री त्यानं तिला आपल्या पॉलिसीची शंभरावर पानांची पीडीएफ पाठवली. तिसऱ्या दिवशी ती परत आली, तीन क्वेऱ्यांसकट, आणि तीनही बरोबर होत्या.

बैठकीला गुरुजी पंचांग घेऊन आले. दादा अमेरिकेतून स्क्रीनवर. त्याचं म्हणणं, लग्न ऑगस्टमध्ये व्हावं, कारण प्लॅनचं वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होतं. गुरुजी म्हणाले, ऑगस्टमध्ये चातुर्मास, मुहूर्त नाही. तुळशीचं लग्न लागेपर्यंत थांबा. मुलाचे वडील म्हणाले, गुरुजी म्हणतील तसं. दादानं थोडा विचार केला आणि माघार घेतली, पण ती नियमाला धरून. "हरकत नाही. लग्न हा क्वालिफाइंग इव्हेंट आहे. वर्षाच्या मध्ये झालं तरी बायकोचं नाव घालायला तीस दिवस मिळतात." गुरुजींनी हे कुठल्या सूत्रात आहे असा चेहरा केला.

इतका वेळ पोह्यांच्या बशा फिरवत असलेली मुलगी थांबली. "तीस दिवस लग्नापासून," तिनं विचारलं, "की मी तिथे उतरल्यापासून? व्हिसाला दोन महिने लागले तर?"

स्क्रीनवर वेव्हरदादानं तोंड उघडलं आणि मिटलं. मग आमच्यापैकी कुणीही त्याच्या तोंडून आजवर न ऐकलेलं वाक्य तो बोलला, "बघून सांगतो."

"लेखी सांगा," ती म्हणाली.

गुरुजींनी पंचांग मिटून पिशवीत ठेवलं आणि चहा आणखी अर्धा कप मिळेल का असं विचारलं.